एन्कान्तादा!

माद्रिदला आलो तेव्हा स्पॅनिशला मी मुळीच घाबरलो नव्हतो. त्यांची लिंगं दोनच. तो दगड, ती भिंत, ते घर अशी तीन पचवून आलेल्या माणसाला दोनाचं काय कौतुक!

क्लासच्या बाईंनी पहिल्या दिवशी हात पुढे करून म्हटलं, "एन्कान्तादा." म्हणजे भेटून आनंद झाला. मी घोकलं. पुढचे दोन महिने घरमालक, पाववाला, लिफ्टमध्ये कुत्रा घेऊन येणारे गृहस्थ, दिसेल त्याला हात मिळवून एन्कान्तादा. माणसं गोड हसायची. मला वाटायचं, काय प्रेमळ शहर आहे!

मग बायको क्लासला लागली. चौथ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "अरे, ते बाईने म्हणायचं. पुरुषाने एन्कान्तादो." म्हणजे हा मिशीवाला गृहस्थ गावभर "आनंदले हो मी!" करत हिंडत होता. पुण्यात आमचे हिंदीभाषक शेजारी "मी ऑफिसला जाते" म्हणाले की मी आत जाऊन हसायचो. फेडलं म्हणायचं.

वाटलं, उद्गारांत तरी सुटका होईल. 'के' म्हणजे आपलं 'काय'. के कालोर, काय उकडतंय! 'काय'सारखाच 'के'ही कुणासाठी बदलत नाही. पण 'क्वान्तो' निघाला आपल्या 'केवढा'चा सख्खा भाऊ. क्वान्तो रुइदो, केवढा गोंगाट. क्वान्ता हेन्ते, केवढी गर्दी. हे मात्र झटकन जमलं, कारण त्यांची हेन्तेही आपल्या गर्दीसारखीच एकवचनी आणि स्त्रीलिंगी.

अडलं ते पाण्यापाशी. आग्वा स्त्रीलिंगी, तरी तिच्यापुढे उपपद पुल्लिंगी 'एल', आणि मागून विशेषण पुन्हा स्त्रीलिंगी: एल आग्वा फ्रिआ. म्हणजे नऊवारी नेसलेल्या काकूंच्या नावाआधी 'श्री.'!

जुलैत तयारी पक्की झाली. कालोर पुल्लिंगी, एल कालोर. दहा वेळा लिहून काढलं. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. मूळच्या सेव्हियाच्या. पंखा फटकन उघडून म्हणाल्या, "आय, ला कालोर के आसे!"

ला? ते तर स्त्रीलिंगी उपपद! मी चुकून दुरुस्त करायला गेलो. आजींनी पंखा मिटला. आमच्या आन्दालुसियात उकाडा बाईच असतो, म्हणाल्या, आणि तिथला उन्हाळा तू बघितलायस का?

नव्हता बघितला. काहीतरी नम्र बोलायला हवं होतं. घाईत तोंडून निघालं, "एन्कान्तादा."