ड्रॉवर, मी आणि चाकांची खुर्ची

टेबलाचा ड्रॉवर अडकला आणि चष्मा नेमका आत. आता माणसाने उठून नीट ओढावं की नाही, पण नाही, मी चाकांच्या खुर्चीत बसल्या बसल्याच हिसका दिला. ड्रॉवर ढिम्म. मीच खुर्चीसकट टेबलाकडे गेलो आणि गुडघे आपटले. परत मागे, परत हिसका, परत गुडघे. तिसऱ्या वेळी भाची दारात उभी.

"मामा, तू ड्रॉवरला ओढतोयस, तेवढ्याच जोराने तो तुला ओढतोय. आणि चाकं तुझ्या खाली आहेत."

हे न्यूटनने १६८७ मध्येच छापून ठेवलंय म्हणे, माझ्या गुडघ्यांपर्यंत पोचायला वेळ लागला इतकंच.

मग तिला चेव चढला. दुसरी खुर्ची आणली, समोर बसली, तळपायाला तळपाय लावले. खुर्ची धरून मी ९० किलो, ती ४५. दोघांचं मिळून जे वस्तुमानकेंद्र, म्हणजे दोघांच्या वजनाचा तोल जिथे साधतो ती जागा, तिथे तिने चप्पल ठेवली. मधोमध नाही हं, दोघांतल्या अंतराचा एक तृतीयांश माझ्यापासून, म्हणजे जवळजवळ माझ्या पोटाखाली. (वजनाचा विषय कुठूनही निघतोच.) "आता ढकल." मी ढकललं. मी एक फरशी मागे सरकेपर्यंत ती दोन फरश्या गेलेली, चप्पल बरोबर हिशोबाच्या जागी! संवेग (वस्तुमान गुणिले वेग) दोघांचा सारखा आणि उलट्या दिशांना, त्यामुळे बेरीज शून्य, केंद्र हलणार कशाला. पण ऊर्जेची वाटणी बघा, सगळा जोर माझा आणि दोन तृतीयांश ऊर्जा ती घेऊन गेली! हलक्याला जास्त वेग, वेगाचा वर्ग, वगैरे वगैरे. मी लगेच थांबलो, ती मात्र पार भिंतीपर्यंत. मग चपलेचा हिशोबही बिघडला, कारण आता चाकांचं घर्षण आणि भिंत असे बाहेरचे लोक मधे पडले होते.

यावरून मला आयडिया सुचली. हाताने ड्रॉवर ओढायचा आणि पाय टेबलाला टेकवून ढकलायचं, ओढ आणि ढकल एकमेकांना कापणार, मी जागेवर, ड्रॉवर बाहेर. भाचीनेही मान डोलावली. दात-ओठ खाऊन जोर लावला, ड्रॉवर बोटभर हललाही, आणि खटकन मूठ निघून हातात आली.

ओढ संपली, पायांची ढकल मात्र चालूच.

मी मूठ छातीशी धरून उलटा निघालो, दारातून थेट पॅसेजमध्ये. टेबल तसूभर हललं नाही, त्याने जमीन धरून ठेवली होती, म्हणजे एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला आख्खी पृथ्वी. मागून भाची चप्पल घेऊन धावत आली, "थांब थांब, आता केंद्र कुठे धरायचं?"

चष्मा अजून आतच आहे. फॉन्ट मोठा करून टाइप करतोय.