लायलॅक ऑक्टोबरात छाटू नका, हात जोडून सांगते

लायलॅक म्हणजे थंड हवेतलं, मे महिन्यात सुवासिक जांभळट तुऱ्यांनी भरून जाणारं झुडूप. गेल्या दोन आठवड्यांत त्याच्याबद्दलचा एकच मेसेज मला चौघींनी पाठवलाय, दोघी इथल्याच, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या, एक न्यू जर्सीची आणि एक माझी पुण्याची मावशी. 'लायलॅक फुलत नाही? हे ५ उपाय करा, मे महिन्यात पानं दिसणार नाहीत इतकी फुलं येतील' असं वर लिहिलंय आणि खाली उपाय: ऑक्टोबरमध्ये थंडीआधी झाड अर्ध्यावर छाटा, मुळाशी कॉफीचा चोथा आणि एप्सम सॉल्ट घालून वर व्हिनेगरचं पाणी द्या, दर पंधरवड्याला खत टाका, पानांवर पांढरं आलं तर झाड जमिनीलगत कापा, आणि भारतात असाल तर कुंडीत लावून रोज मुळाशी बर्फ ठेवा. पाचही चूक आहेत. त्यातला पहिला तर माझ्या एका मैत्रिणीने करूनही टाकला, अर्धं झुडूप कापून कंपोस्टच्या ढिगात, आणि मग मला फोटो पाठवला की बघ किती नीटस दिसतंय. मला रडू यायचं बाकी होतं. म्हणून लिहितेय.

आधी छाटणी, कारण सगळं नुकसान तिथेच आहे.

लायलॅकचं पुढच्या मे महिन्यातलं फूल या वर्षीच्या जून-जुलैमध्येच तयार व्हायला लागतं. आत्ता ऑक्टोबरमध्ये ते फांदीच्या शेंड्यावर डोळ्यात, म्हणजे न उघडलेल्या कोंबात, बंद होऊन बसलेलं असतं. खोटं वाटत असेल तर बाहेर जाऊन बघा, शेंड्यावर बहुतेक वेळा दोन डोळे शेजारी शेजारी असतात, हिरवट जांभळट, टपोरे, मटाराच्या दाण्यापेक्षा जरा लहान. आज सकाळी मी त्यातला एक तोडून ब्लेडने उभा चिरला, आत खवल्यांवर खवले आणि अगदी मध्ये खसखशीच्या दाण्यांसारखे कण, एकावर एक रचलेले. तोच पुढच्या वर्षीचा तुरा. खालच्या बाजूला असतात ते बारीक टोकदार डोळे पानांचे. आता तुम्ही ऑक्टोबरात झाड अर्ध्यावर आणलं तर काय कापलं? शेंडे. म्हणजे सगळी फुलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कापलं तरी तेच, फुलं गेलीच.

ही चूक आपल्या लोकांकडून का होते तेही मला कळतं. माझं माहेर निफाडजवळ, द्राक्षबाग होती, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी बघतच आम्ही मोठे झालो, ऑक्टोबरमध्ये कात्री लागली की घड येणार हे डोक्यात पक्कं. पुण्यात गुलाबाचंही तसंच, ऑक्टोबरात छाटायचा आणि दीड-दोन महिन्यात फुलं, कारण गुलाब नव्या फुटीवर फुलतो. लायलॅक जुन्या फांदीवर फुलतो. एवढा एक फरक लक्षात ठेवला तरी निम्मं काम झालं.

मग छाटायचं कधी? फुलं सुकली की लगेच. इथे रॉचेस्टरला मे संपता संपता फुलं उतरतात, तेव्हापासून जूनच्या मध्यापर्यंत काय ते करून घ्या, नंतर कात्री आत ठेवा. सुकलेला तुरा काढताना त्याच्या लगेच खाली दोन कोवळे फुटवे दिसतात, त्यांना धक्का लावू नका, पुढच्या वर्षीची फुलं त्यांच्यावरच येतात. (मोठ्या झाडाचे सुकलेले तुरे नाही काढले तरी काही बिघडत नाही.) आम्ही घर घेतलं तेव्हा मागचं झुडूप १५ फुटांवर गेलेलं, फुलं सगळी छताच्या उंचीला आणि खाली नुसत्या मनगटाएवढ्या जाड काड्या, वास घ्यायचा तर शिडी लावायला लागायची. ते एकदम कापलं नाही. दरवर्षी जूनमध्ये सगळ्यात जुन्या जाड खोडांपैकी एक तृतीयांश जमिनीलगत करवतीने काढली, अशी ३ वर्षं, आणि खालून येणाऱ्या फुटव्यांतले चार-पाच दणकट ठेवून बाकीचे काढून टाकले. लाकूड फार टणक आहे बरं का, हात भरून येतात. पण झाड एकही वर्ष फुलांशिवाय राहिलं नाही आणि आता तुरे नाकासमोर येतात.

कलमी झाड असेल तर फुटवा कुठून येतोय ते बघा, कलमाच्या खालून आला असेल तर तो वेगळ्याच झाडाचा, तो काढाच.

आणि ज्यांनी ऑलरेडी कापलंय त्यांना सांगते, घाबरू नका, झाड मरणार नाही. पुढच्या मेमध्ये फुलं नसतील किंवा नावाला असतील, पण वसंतात जी नवी फूट येईल तिला हात लावू नका, तिच्यावर उन्हाळ्यात डोळे धरतील. फार खाली कापलं असेल तर अजून एखादं-दोन वर्षं जास्त.

दुसरं, कॉफी, एप्सम सॉल्ट आणि व्हिनेगर. लायलॅक मूळचा बाल्कन भागातल्या डोंगरउतारांवरचा, त्याला निचऱ्याची आणि साधारण न्यूट्रल, म्हणजे फार आंबट नसलेली माती आवडते, पीएच ६.५ ते ७ च्या आसपास. आंबट मातीचे शौकीन म्हणजे ब्लूबेरी आणि अझेलिया, त्यांचा सल्ला उचलून कुणीतरी इथे चिकटवलाय. वापरलेल्या कॉफीच्या चोथ्याने फार काही होत नाही, ना चांगलं ना वाईट, पण व्हिनेगर मुळाशी ओतणं म्हणजे झाडाला नको तेच देणं. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, मातीत मॅग्नेशियम कमी असेल तरच त्याचा उपयोग, उगाच घातलं तर उलट कॅल्शियम घ्यायला अडचण. काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसकडून (शेती-बागेचा सल्ला देणारं स्थानिक कार्यालय) माती तपासून घ्या, फार खर्च येत नाही, आणि आंबट निघाली तर ते सांगतील तेवढा चुना घाला. बास.

तिसरं, खत. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, जुनी शेतघरं पडून गेलीत, भिंती नाहीत, छप्पर नाही, आणि उंबऱ्याजवळ लावलेला लायलॅक मात्र अजून दर मेमध्ये फुलतोय, त्याला कोण खत घालायला जातं? नायट्रोजन जास्त झालं की पानंच पानं, फूल नाही. खूपदा आपण झाडाला देतही नसतो, पण शेजारच्या लॉनला टाकलेलं मुळांपर्यंत पोचतं, आणि त्यात ते तण मारायचं औषध मिसळलेलं असेल तर झाडालाही त्रास. वसंतात बुंध्यापासून जरा लांब थोडं कंपोस्ट, एवढं पुरे.

फुलत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा खत नसतंच, ऊन असतं. रोज निदान ६ तास थेट ऊन पाहिजे. झाड लावलं तेव्हा उन्हात होतं, पण २० वर्षांत बाजूचा मेपल वाढून डोक्यावर आला, हे आपल्या लक्षातच येत नाही. आणि नवीन लावलेलं रोप असेल तर ३-४ वर्षं धीर धरा.

चौथं, पांढरी पानं. ही भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी. द्राक्षात भुरी म्हटलं की पोटात गोळा येतो, पण लायलॅकवर ती जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत येते, पानांवर पिठी सांडल्यासारखं दिसतं, दिसायला वाईट, बाकी काही नाही. तोवर झाडाचं वर्षाचं बरंचसं काम झालेलं असतं. पुढच्या वसंतात पानं स्वच्छ येतात. मधल्या फांद्या विरळ करा, हवा खेळू दे, पडलेली पानं उचला. नवीन झाड घेणार असाल तर 'मिस किम' ही कोरियातून आलेली बुटकी जात बघा, तिच्यावर भुरी कमी येते. काळजी करायची ती खोडकिड्याची, खोडाला भोक आणि खाली भुसा दिसला की तेवढं खोड खालून कापा. तेवढंच, अख्खं झाड नाही.

आणि आता मावशीसाठी, पाचवं. मावशी, बर्फाने होणार नाही गं. लायलॅकला हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे सलग थंडी लागते आणि ती थंडी मोजतात फांदीवरचे डोळे, मुळं नाहीत. कुंडीत बर्फ ठेवलास तरी वर जानेवारीत दुपारी ३० डिग्री ऊन असणारच, डोळ्यांना हिवाळा झाला हे कळणारच नाही. कॅलिफोर्नियात वॉल्टर लॅमर्ट्स यांनी कमी थंडीत फुलणारा 'लॅव्हेंडर लेडी' तयार केला, पण तिथला कमी थंडीचा हिवाळासुद्धा पुण्यापेक्षा गार. आपल्या देशात लायलॅकचा सख्खा भाऊ आहे, तो हिमालयात उंचावर वाढतो, सह्याद्रीत नाही.

शिवाय तू ऑनलाइन मागवलेल्या त्या 'पर्शियन लायलॅक'च्या बियांचा फोटो मी नीट बघितला. ते बकाण निंबाचं बी आहे. इंग्रजीत बकाण निंबालाही पर्शियन लायलॅक म्हणतात, फुलं जांभळट आणि सुवासिक असतात म्हणून, पण ते मोठं झाड, कुंडीत मावणारं नाही, आणि त्याची पिवळी फळं विषारी असतात, तेव्हा नातवंडांच्या आणि मोत्याच्या हाती-तोंडी लागू देऊ नकोस. खऱ्या लायलॅकमध्ये तसलं विष नाही.

तुला लायलॅक बघायचाच असेल तर मेच्या मध्यात इकडे ये. इथल्या हायलँड पार्कात जॉन डनबार यांनी १८९२ मध्ये २० जातींपासून लायलॅकच्या बागेची सुरुवात केली, आता ५०० च्या वर जाती आणि १,२०० च्या वर झुडपं आहेत, अख्खी टेकडी वासाने भरलेली असते. आणि घरी पारिजातक लाव ना. तो, जाई, जुई, मोगरा, सगळे लायलॅकच्याच कुळातले, आणि त्यांना पुण्याची हवा मानवते.