प्लीहेतील गाठीच्या तपासण्यांबाबत आपण घेतलेल्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार,

आपला अभिप्राय मी पूर्ण वाचला. आईंवर अंडाशयाच्या कर्करोगाचे उपचार झालेले असताना आणि सोनोग्राफीत प्लीहेत, म्हणजेच पाणथरीत, गाठ स्पष्ट दिसत असताना, आमच्या केंद्राने पुन्हा सीटी स्कॅन, मग पेट-सीटी (किरणोत्सर्गी साखर टोचून जास्त सक्रिय पेशी चमकताना दाखवणारा स्कॅन) आणि मग सुईने तुकडा घेण्याची तपासणी करायला लावून वेळ व पैसा वाया घालवला, आणि शस्त्रक्रिया ठरल्यावरही लसींचे कारण सांगून तारीख पुढे ढकलली, असे आपले म्हणणे आहे. केंद्राचा संचालक या नात्याने याचे उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. रुग्णाच्या कागदपत्रांतील तपशील जाहीरपणे मांडणे योग्य नसल्याने आपण स्वतः लिहिलेल्या मुद्द्यांपुरतेच बोलतो.

सोनोग्राफीत गाठ दिसते, पण ती कशाची आहे हे त्यावरून बहुतेक वेळा ठरवता येत नाही. प्लीहेतून रक्त भरपूर वाहत असले तरी यकृत किंवा फुप्फुसाच्या मानाने तिथे कर्करोग पसरण्याचे प्रमाण बरेच कमी आहे, आणि आधी कर्करोग होऊन गेलेल्या रुग्णातही प्लीहेतली गाठ रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ, साधी सिस्ट, क्षयाची गाठ, गळू, रक्तपुरवठा तुटून निकामी झालेला भाग किंवा लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) निघू शकते. यातल्या काहींना उपचारच लागत नाहीत, काहींना औषधे पुरतात. केवळ एका काळ्या ठिपक्यावरून अवयव काढून टाकण्याचा सल्ला मी माझ्या घरच्या माणसालाही देणार नाही.

आधीचा सीटी हाताशी असताना दुसरा कशाला, हा आपला प्रश्न रास्त आहे. शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये रक्तपुरवठा उजळून दाखवणारे औषध, दिल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटाच्या सुमारास घेतलेल्या चित्रात निरोगी प्लीहासुद्धा पट्ट्यापट्ट्यांची दिसते, कारण तिच्या निरनिराळ्या भागांतून रक्त कमी-अधिक वेगाने फिरते. या पट्ट्यांत खरी गाठ लपू शकते आणि नसलेली गाठ असल्याचा भास होऊ शकतो. साधारण सत्तर सेकंदांनी प्लीहा एकसारखी उजळते, तेव्हा कर्करोगाची गाठ सहसा भोवतालपेक्षा गडद उठून दिसते, आणि ती प्लीहेच्या आवरणावर आहे की आतल्या गरात, हेही अधिक नेमके कळते. अंडाशयाच्या कर्करोगात हा फरक फार महत्त्वाचा आहे. आवरणावरची गाठ पोटाच्या अस्तरातून पसरलेली असते, म्हणून मध्यपटल आणि आतड्यांभोवतालचा भागही बारकाईने पाहावा लागतो, तर गरातली गाठ बहुधा रक्तावाटे आलेली असते. पहिल्या निदानाच्या वेळी फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या 2014 च्या वर्गीकरणात आवरणावरचा प्रसार 3सी टप्प्यात, तर गरातला 4बी टप्प्यात मोडतो.

पेट-सीटी केली जाते ती आजार इतरत्र आहे का हे पाहण्यासाठी, कारण उपचारांची दिशा त्यावरच ठरते. आजार फक्त प्लीहेत असेल, आधीच्या उपचारांनंतर बराच काळ लोटलेला असेल आणि प्रकृती साथ देत असेल, तर प्लीहा काढण्याचा विचार होतो. तो अनेक ठिकाणी असेल तर सहसा केमोथेरपीसारखे संपूर्ण शरीरावरचे उपचार आधी येतात. मात्र क्षयाची किंवा सूज आलेली गाठही पेटमध्ये चमकू शकते, म्हणून शंका उरली तर सुईची तपासणी लागते. ती प्रत्येक रुग्णाला लागत नाही. सुईने प्लीहा फुटेल ही आपली भीती निराधार नाही, रक्तस्रावाचा धोका असतोच. पण रक्त गोठण्याच्या चाचण्या पाहून, चित्र समोर ठेवून, 18 गेज (सुईच्या जाडीचे माप) किंवा त्याहून बारीक सुई वापरली तर गंभीर गुंतागुंत शंभरातल्या एक-दोघांनाच होते.

लसींच्या बाबतीत मी जराही मागे हटणार नाही. प्लीहा गेल्यावर न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झी टाइप बी या जंतूंविरुद्धची शरीराची ताकद कायमची घटते, आणि असा संसर्ग काही तासांत जीवघेणा ठरू शकतो. म्हणून नियोजित शस्त्रक्रियेच्या किमान 2 आठवडे आधी लसी द्याव्यात असा प्रस्थापित संकेत आहे. प्लीहा फुटून रक्तस्राव होत असता तर आम्ही लसींसाठी एक क्षणही थांबलो नसतो. लसी शस्त्रक्रियेनंतर दिल्या असत्या.

सर्व चित्रांची सीडी आणि तुकड्याच्या काचा (सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या स्लाइड) आपल्याला मिळतील. त्या घेऊन अन्य कर्करोगतज्ज्ञांचे मत अवश्य घ्यावे, त्याने आमच्या उपचारांत काहीही फरक पडणार नाही. आपण याल तेव्हा मी आणि क्ष-किरणतज्ज्ञ आपल्यासोबत पडद्यासमोर बसून प्रत्येक चित्र दाखवू. तोवर एक विनंती घरातल्या सर्वांना सांगून ठेवावी: शस्त्रक्रियेनंतर, मग ती होऊन कितीही वर्षे झालेली असोत, आईंना थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट न पाहता, डॉक्टरांनी लिहून दिलेले प्रतिजैविक जवळ असेल तर त्याचा पहिला डोस देऊन, लगेच जवळच्या रुग्णालयात न्यावे आणि प्लीहा काढलेली आहे हे तिथे सर्वांत आधी सांगावे.