कुरळे केस आणि कुलरची हवा

कुरळ्या केसांच्या बाईला भेटताक्षणी लोक जो प्रश्न विचारतात, तो म्हणजे 'आज विंचरले नाही का?', आणि हा प्रश्न नेमका त्याच दिवशी येतो ज्या दिवशी तिने त्या केसांवर सगळी सकाळ खर्ची घातलेली असते. न विंचरलेल्या दिवशी कोणी काही विचारत नाही. त्या दिवशी लोक नुसते पाहतात.

सरळ केसांच्या मंडळींची अशी ठाम समजूत असते की कंगवा फिरवला की प्रश्न मिटतो. वाळलेल्या कुरळ्या केसांत कंगवा घातला तर प्रत्येक बट सुटी होते आणि डोक्याचा घेर दुप्पट होतो. म्हणून ते ओले असताना, कंडिशनर लावून, मोठ्या दातांच्या कंगव्याने आणि टोकांकडून मुळांकडे गुंता सोडवत जायचे असतात. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात असा कंगवा मागितला तेव्हा दुकानदाराने तो हातात देता देता काळजीने सांगितले, "ताई, याच्यानं विंचरल्या जात नाही, नुसतं फिरते डोक्यावर." मला तेवढेच हवे होते.

मूळ दुखणे असे की टाळूतून निघणारे नैसर्गिक तेल सरळ केसांवरून टोकापर्यंत ओघळते, पण कुरळ्या केसांच्या वळणांवर ते वाटेतच अडकते. परिणामी मुळे तेलकट आणि टोके कोरडी, अशी एकाच डोक्यावर दोन हवामाने नांदतात. त्यात नागपूरचा मे महिना. पारा 45 अंशांच्या वर गेलेला असताना दुचाकीवरून जायचे, तर डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा, त्यावर हेल्मेट, आणि आत घामाची वाफ. कार्यालयात पोहोचून हे सारे उतरवल्यावर माथा चपटा झालेला असतो आणि कानांखालचे केस उतू चाललेल्या दुधासारखे बाहेर आलेले असतात. शिपाईकाका पाण्याचा ग्लास न बोलता पुढे करतात.

घरी आल्यावर सुटका होईल म्हणावे, तर तिथे कुलर. केसांतल्या प्रथिनांना आकार देणारे काही बंध, ज्यांना हायड्रोजन बंध म्हणतात, ते ओलाव्याने तुटतात आणि केस वाळताना नव्याने जुळतात. बाहेरच्या रखरखाटात कोरडे पडलेले केस कुलरच्या भिजलेल्या ताटीतून येणाऱ्या ओल्या हवेवर अधाशासारखे तुटून पडतात आणि फुगतात. माझी खाट कुलरच्या डाव्या हाताला आहे, त्यामुळे संपूर्ण उन्हाळा माझी एक बाजू दुसरीपेक्षा ठसठशीत असते. खाटेची दिशा बदलण्याचा प्रस्ताव मी घरात मांडला होता. मात्र कुलरसमोरची जागा हा आमच्याकडे वारसाहक्काचा विषय आहे.

बोअरच्या पाण्याबद्दल जितके कमी बोलावे तितके बरे. बादलीच्या काठावर जो पांढरा थर बसतो, तेच कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार केसांवरही बसतात, आणि वरून साबण लावला तर त्याचा चिकट साका होतो. शेवटचे पाणी तरी नळाचे घ्यावे, एवढाच उपाय मला परवडला. पार्लरमधल्या ताईंनी अर्थात यावर एकच उतारा सुचवला, तो म्हणजे स्मूदनिंग, अर्थात केस सरळ करून घेणे. केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतात आणि नवे येणारे पुन्हा कुरळेच येतात, हे मी त्यांना सांगितले. "मग परत या ना," त्या अत्यंत प्रेमाने म्हणाल्या.

अखेर उपयोगी पडला तो आपल्या विदर्भाचा जवस. इतवारीतून किलोभर आणला, तेव्हा घरात चटणीची आशा निर्माण झाली होती. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर उकळत ठेवायचा आणि ढवळत राहायचे. आधी पाणी नुसते पिवळसर दिसते, मग वर बारीक पांढरा फेस येतो, आणि एका क्षणी चमच्यावरून थेंब पडायचे सोडून लांबच लांब तार लोंबू लागते. तिथेच गॅस बंद करून ते गरम असतानाच पातळ कापडातून गाळायचे, कारण गार झाले की बिया तो चिकट द्रव सोडायला तयार होत नाहीत. तो निथळत्या केसांना लावून, खालून वर मुठीत आवळत, केस आपोआप वाळू द्यायचे. वाळल्यावर ते कडक होतात, मग हाताला तेलाचा थेंब चोळून ते पुन्हा चुरले की बटा मऊ आणि सुट्या पडतात.

हा द्रव काही दिवस फ्रिजमध्ये टिकतो. दिसतो मात्र थेट अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, आणि आमच्या शुद्ध शाकाहारी घरात आजीने ती बरणी उघडली. जवसाचा खुलासा तिने ऐकून घेतला, पण फ्रिज पुसून झाल्यावर.

गेल्या उन्हाळ्यात चुलत बहिणीच्या स्वागत समारंभाला मी याच जवसाच्या जोरावर गेले. नवरीचे केस मुळात सरळ. ते पार्लरमध्ये भरपूर पैसे मोजून, तापलेल्या यंत्राने कुरळे करवून घेतले होते आणि सगळे तोंडभरून कौतुक करत होते. आत्या मला म्हणाली, "काय वं, लग्नाघरी येऊन राहिली अन् केस नाही विंचरले?" लॉनवर चहूबाजूंनी मोठाले कुलर लागले होते. यंत्राच्या उष्णतेने घातलेली वळणे त्याच हायड्रोजन बंधांवर तगून असतात, त्यामुळे पाहुण्यांची रांग संपेपर्यंत नवरीच्या बटा पाठीवर सरळ उतरल्या आणि माझ्या जवसासकट आकाशाकडे निघाल्या. जेवायला बसताना नवरी माझ्या कानाशी येऊन विचारू लागली की हे असे टिकते कसे. मी तिला कृती सांगत होते, तोवर आत्याने पर्समधून कंगवा काढून माझ्या पानाशेजारी ठेवला होता.