‘ब्लाइंड आपलीच असते’ या सल्ल्याबद्दल

दिवाळीच्या सुटीत नांदेडहून परभणीला आलेल्या भाच्याने मोबाइलवर फिरत फिरत आलेला एक मजकूर मला मोठ्या विश्वासाने वाचून दाखवला. टेक्सस होल्डेम पोकरमध्ये बिग ब्लाइंडवर, म्हणजे पत्ते पाहण्याआधी सक्तीची मोठी रक्कम ठेवण्याच्या जागेवर, बसलेल्याने आक्रमक खेळाडूपुढे पत्ते टाकून डाव सोडूच नये, असे त्यात बजावले होते. कारणे चार होती: ब्लाइंडची रक्कम आपलीच असते, सतत बोली वाढवणाऱ्याच्या हातात सहसा काही नसते, एका रंगाचे पत्ते सोडायचे नसतात आणि एकदा माघार घेतली की समोरचा कायम अंगावर येतो. भाचा मित्रांबरोबर चिंचोके लावून खेळतो (पैसे लावून ऑनलाइन खेळणे ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंद केले, हे बरेच झाले), तरी या सल्ल्यापायी त्याचे 200 पैकी 175 चिंचोके एकाच डावात गेले.

“मामा, आपलेच चिंचोके हायेत ना त्यात,” हे त्याचे समर्थन तीन पत्तीच्या सवयीतून आलेले आहे. तिथे ब्लाइंड म्हणजे पत्ते न पाहता खेळणे, आणि तसे खेळणाऱ्याला पत्ते पाहिलेल्याच्या निम्मीच चाल द्यावी लागते. पोकरमधली ब्लाइंड ही पत्ते पाहण्याआधी सक्तीने ठेवायची रक्कम असून ती पॉटमध्ये, म्हणजे मधल्या सामाईक ढिगात, पडल्यावर कोणाचीच राहत नाही. तिच्यामुळे पुढचा कॉल (समोरच्याच्या बोलीइतकी रक्कम भरून डावात राहणे) स्वस्तात पडतो, एवढे मान्य.

खरा घात दुसऱ्या मुद्द्यात आहे. भाच्याची ब्लाइंड 2 चिंचोक्यांची होती, छोटी ब्लाइंड 1 ची, आणि पुढच्या फेऱ्यांत सर्वांत शेवटी बोलणाऱ्या मित्राने बोली 6 वर नेली. पॉटमध्ये 9 असताना 4 घालायचे, म्हणजे सुमारे 31 टक्के वेळा जिंकले तरी भागते, हा मजकुरातला हिशेब बरोबर आहे. परंतु पुढे एकही बोली न लागता टेबलावरचे सर्वांचे सामाईक पाचही पत्ते उघडणार, असे त्यात गृहीत धरलेले आहे. आक्रमक खेळाडू नेमके तेच होऊ देत नाही. भाच्याकडे वेगवेगळ्या रंगांचे राजा आणि चव्वी होते. टेबलावरच्या पहिल्या तीन पत्त्यांत (यांनाच फ्लॉप म्हणतात) राजा आला, भाचा हरखला, आणि मित्राने पत्ते उघडण्याच्या तिन्ही टप्प्यांवर पॉटएवढी बोली लावली: आधी 13, मग 39, मग 117. मित्राकडे राजा-राणी निघाली; राजाची जोडी दोघांचीही, पण राणी चव्वीहून मोठी. मूळचे 2 वाचवण्यासाठी आणखी 173 गेले. सतत बोली वाढवणारा अधिक वेळा थापा मारतो हे खरे, पण पत्ते काही त्याचा स्वभाव पाहून वाटले जात नाहीत. त्यालाही एक्के-राजे इतरांइतकेच येतात, आणि राजा-राणीपुढे राजा-चव्वी साधारण चारात एकदाच जिंकते.

पोकरवर पुस्तके लिहिणारे डेव्हिड स्क्लान्स्की यांचा मूलभूत सिद्धान्त इथे पुरेसा आहे: समोरच्याचे पत्ते दिसत असते तर तुम्ही जसे खेळला असता, त्याहून वेगळे खेळलात की फायदा समोरच्याचा होतो. फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत आधी बोलावे लागणारा माणूस (इथे भाचा) अंदाजाने बोलतो, तर मागून बोलणारा त्याची हालचाल पाहून ठरवतो. त्यामुळे ही चूक पहिल्याकडून अधिक वेळा होते, आणि मध्यम पत्ते असतील तर प्रत्येक वेळी होते की काय असे वाटू लागते.

एका रंगाच्या पत्त्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. फ्लॉपवरच पूर्ण रंग (पाचही पत्ते एकाच रंगाचे) जमण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी आहे.

चौथा मुद्दा मात्र मला नाइलाजाने अर्धा मान्य करावा लागतो. 3 चिंचोके उचलण्यासाठी 6 लावणाऱ्यापुढे दोन्ही ब्लाइंडवाले मिळून तीनात दोनहून अधिक वेळा पत्ते टाकत असतील, तर त्याला हातात काहीही असले तरी फायदाच होतो. म्हणून काही पत्ते राखावेच लागतात: किलवरची नव्वी-अठ्ठी घेऊन कॉल करावा, कारण तिचे जमले की नाही ते लवकर कळते, आणि चांगल्या पत्त्यांबरोबर अधूनमधून एक्का-पंजीसारखे एका रंगाचे पत्ते घेऊन उलट बोली वाढवावी. वेगवेगळ्या रंगांची राजा-चव्वी यांपैकी कशातच बसत नाही.