शेजारी जाहिरात दिसली म्हणून टेस्ट विकली जात नाही

सोलापुरातल्या बऱ्याच ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कॉम्प्युटर-फोनच्या टेस्ट करणाऱ्या टेक साइटवर जिची जाहिरात, ती कंपनी टेस्टमध्ये पहिली. तिथले आकडे आपल्या घरी कधी येत नाहीत, म्हणजे ते बनावट. टेस्टचं मशीन कंपनीच निवडून पाठवते. तेव्हा साइट वाचणं सोडा, ऑनलाइन दुकानातले स्टार बघा नाहीतर दुकानदाराला विचारा.

यातला मशीन निवडून पाठवण्याचा मुद्दा बराचसा खरा आहे. बाकीचे तपासून पाहू.

आधी जाहिरात. परीक्षणाशेजारच्या बहुतेक चौकटी साइटने स्वतः विकलेल्या नसतात. पान उघडताना त्या जागेचा लिलाव होतो, आणि तुम्ही आधी काय शोधलं यावर काय दिसायचं ते बरंचसं ठरतं. काल चादरींचे घाऊक भाव पाहिले असतील, तर ग्राफिक्स कार्डाच्या तक्त्याशेजारी चादरच झळकेल. तेच पान दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा, जाहिरात बदललेली असेल. टेस्ट करणाऱ्याला ती दिसलेलीही नसते.

थेट विकलेली जाहिरात आणि पैसे घेऊन लिहिलेला लेख हे मात्र वेगळं प्रकरण. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१च्या नियमांनुसार सोशल मीडियावर पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन शिफारस करणाऱ्याने तसं स्पष्ट लिहायचं असतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनाही कंपनीशी असलेला संबंध उघड करायला सांगतात. ती ओळ आधी शोधा.

खरी शंका घ्यायचीच तर खरेदीच्या लिंकवर घ्या. तिच्यावरून माल विकला गेला की साइटला कमिशन मिळतं, मग कंपनी कुठलीही असो. त्यामुळे एका ब्रँडची बाजू घेण्यापेक्षा ‘काहीतरी घ्याच’ म्हणण्याचा मोह मोठा. ‘पंधरा हजारांतले दहा उत्तम फोन’ अशा यादीत एकही मोजमाप नसेल तर ती टेस्ट नव्हे, दुकानाची पाटी आहे.

आता आकडे. मेसेजमधला सगळ्यात ठाम मुद्दा हाच, आणि सगळ्यात कच्चाही हाच. प्रोसेसर किती तापला हे खोलीच्या तापमानाशिवाय सांगणं अर्धवट आहे. समजा, लॅबमध्ये खोली २३ अंशांवर आणि प्रोसेसर ७८वर. फरक ५५. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आपल्या खोलीत २५ अंश असतील, तर तेच मशीन ८०च्या आसपास राहील. मे महिन्यात दुपारी बंद खोलीत ३८ अंश झाले की ते ९३वर जाईल. रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरची मर्यादा ९५, इंटेलच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरची १००. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो आणि स्कोअर पडतो. कुणी खोटं बोललेलं नसतं, ऊन बोललेलं असतं.

यंत्रमागाशेजारच्या घरात आणखी एक भर पडते. कापसाचे बारीक तंतू हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता खेचणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांत अडकतात आणि काही महिन्यांत तिथे नमद्यासारखा थर बसतो. फॅन फिरत राहतो, आवाज वाढतो, हवा मात्र पुढे जात नाही. साफ करताना मशीन बंद करून प्लग काढा, फॅनचं पातं काडीने धरून ठेवा (मोकळं सोडलं तर ब्लोअरच्या झोताने ते भलत्या वेगाने फिरतं आणि बेअरिंग जातं) आणि हवा आतून बाहेर मारा. बाहेरून मारली की थर आणखी आत दाबला जातो.

दुसरं कारण वीज. इंटेलच्या कोअर आय५-१२४०० प्रोसेसरचं उदाहरण घ्या. त्याची कायमची मर्यादा ६५ वॅट, थोड्या वेळापुरती ११७. टेस्टमधल्या महागड्या मदरबोर्डावर ही मर्यादा अनेकदा मोकळी सोडलेली असते. स्वस्त बोर्डावर साधारण अर्ध्या मिनिटात मशीन ६५वर येतं. मग सिनेबेंच या प्रोसेसरला राबवून स्कोअर देणाऱ्या अॅपचा एकच फेरा चांगला दिसतो आणि दहा मिनिटांचा कमी.

तिसरं रॅम. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. तिथे वेग आणि वापरलेले स्लॉट दिसतात. पाकिटावर ३६०० आणि इथे २१३३ किंवा २६६६ दिसत असेल, तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवणारी सोय, चालू केलेलं नाही. १६ जीबीची एकच पट्टी लावली असेल तर मेमरीचा एकच मार्ग चालतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर गेमचा वेग त्याने सरळ खाली येतो. टेस्टमध्ये बहुतेक वेळा ८-८च्या दोन पट्ट्या असतात.

एसएसडीचंही तेच. पाकिटावरचा लिहिण्याचा वेग हा राखीव वेगवान भागात लिहितानाचा असतो. तो भाग भरला की स्वस्त क्यूएलसी (एका पेशीत जास्त माहिती कोंबणाऱ्या, म्हणून संथ चिपची) ड्राइव्ह जुन्या हार्ड डिस्कच्या चालीवर येऊ शकते, आणि अनेक ड्राइव्हमध्ये ड्राइव्ह जितकी भरलेली, तितका हा भाग लहान होतो. लग्नाच्या शूटिंगची १०० जीबीची फाइल ८० टक्के भरलेल्या ड्राइव्हवर कॉपी केली की हे उघड दिसतं.

निवडून पाठवलेल्या मशीनचा मुद्दा आम्ही मान्य करतो. २०२१ मध्ये क्रुशलच्या पी२ एसएसडीत नाव तेच ठेवून टीएलसी चिप्सऐवजी संथ क्यूएलसी बसवल्याचं उघड झालं, तेव्हा आधीची परीक्षणं गैरलागू ठरली. पण ते उघड कुणी केलं? टॉम्स हार्डवेअरने, म्हणजे जाहिरातींवरच चालणाऱ्या साइटने, ड्राइव्ह पुन्हा तपासून. फोनचंही तसंच. २०१३ मध्ये आनंदटेक या साइटने दाखवलं की गॅलेक्सी एस४ ठरावीक बेंचमार्क (वेग मोजणारी अॅप) ओळखून त्यांच्यापुरता जास्त वेग मोकळा करतो. पकडायची युक्ती साधी असते: बेंचमार्क अॅपचं नाव बदलून चालवायचं, स्कोअर पडला की चोरी पकडली. दबावही खोटा नाही. डिसेंबर २०२० मध्ये ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने हार्डवेअर अनबॉक्स्ड या यूट्यूब चॅनेलला परीक्षणासाठी कार्डं देणं बंद करत असल्याचं कळवलं, कारण रे ट्रेसिंगवर (गेममध्ये खऱ्यासारखा प्रकाश दाखवण्याच्या तंत्रावर) त्या चॅनेलचा भर कमी होता. गदारोळ झाला आणि काही दिवसांत कंपनीने माघार घेतली. आणि कंपन्या पोती भरून पैसे देतात म्हणावं, तर १९९७ पासून चालत आलेलं आनंदटेक ऑगस्ट २०२४ मध्ये बंद का पडलं?

म्हणून परीक्षणात एवढं बघा: मशीन विकत घेतलं की कंपनीकडून आलं, खोलीचं तापमान लिहिलंय का, प्रत्येक टेस्ट किती वेळा केली, बायोस आणि ड्रायव्हर कोणते. यातलं काहीच नसेल तर एकही जाहिरात नसलेली साइटसुद्धा कामाची नाही.

उरले स्टार. ते बहुधा पहिल्या आठवड्यात दिले जातात, ड्राइव्ह भरण्याआधी, उन्हाळा लागण्याआधी. शिवाय अनेकदा ८ जीबी आणि १६ जीबीच्या मॉडेलचे स्टार एकाच पानावर मिसळलेले असतात. दुकानदाराचं वेगळं. कोणत्या मालात त्याला जास्त सुटतं हे तो सांगणार नाही, पण मे महिन्यात कोणतं मॉडेल दुरुस्तीला परत येतं हे लॅबपेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं. तेवढं जरूर विचारा.

इतकं करूनही आकडा जुळला नाही तर साइटला कळवा. फक्त ‘तुमची टेस्ट खोटी’ असं लिहिलं तर त्यांना करण्यासारखं काही उरत नाही. सिनेबेंच दहा मिनिटं चालवा, तीनदा, मध्ये दहा मिनिटं थांबून. सोबत एचडब्ल्यूइन्फो हे वॅट-तापमान दाखवणारं अॅप उघडं ठेवून सरासरी वॅट आणि कमाल तापमान टिपा. बोर्डाचं नाव, बायोसचा क्रमांक, रॅमच्या पट्ट्या किती आणि कोणत्या वेगावर, हे लिहा. थर्मामीटर कॅबिनेटच्या हवा आत जाणाऱ्या बाजूला ठेवून त्याचा फोटो जोडा, आणि खोलीतला पाण्याचा कूलर चालू होता की बंद तेही लिहा. त्या एका बटणाने खोलीचं तापमान पाच-सात अंशांनी हलू शकतं.