नाडीची गाठ

आज सकाळी सिग्नलला ती दिसली. रस्त्याच्या पलीकडे, आईबरोबर. वाकून बुटाची नाडी बांधत होती. आधी साधी गाठ, मग फुलाची, आणि वर दोन्ही पाकळ्या धरून आणखी एक गच्च गाठ. ही गाठ मी शिकवलीय तिला. पाच वर्षांची होती, जिन्याच्या पायरीवर बसून आठवडाभर शिकत होतो आम्ही.

हाक मारली नाही मी. कुठल्या हक्काने मारणार? मी तिचा सावत्र बाप. तिच्या आईचं नि माझं फाटलं आणि एका दिवसात परका झालो. वकिलाला विचारलं तर म्हणाला, "तुमचं नातं बायकोशी होतं, मुलीशी नाही." मग सात वर्षं तिच्या तापात रात्रभर उशाशी कोण बसत होतं? ती पायरीवरची गाठ कोणाची?

मुलाला कुणी भेटावं, यात आईबापांचा हक्क आधी, मान्य. मारकुट्या माणसाला दार उघडू नये, तेही मान्य. अमेरिकेत २००० साली ट्रॉक्सेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आईच्याच बाजूने निकाल दिला. मुलगा गेलेल्या आजीआजोबांना नातींच्या जास्त भेटी हव्या होत्या. कुणीही, केव्हाही भेट मागावी असा तिथल्या राज्याचा कायदा होता. फार सैल होता, ठीक आहे. पण म्हणून दारच बंद?

जर्मनीत बघा. तिथल्या नागरी संहितेच्या १६८५व्या कलमात आजीआजोबा आणि भावंडं आहेतच, शिवाय ज्याने मुलाची जबाबदारी खरोखर उचलली असा जवळचा माणूसही आहे. अट एवढीच की भेट मुलाच्या भल्याची हवी. मग ठरवू द्या ना न्यायाधीशांना! निदान विचारायची तरी सोय असू द्या माणसाला.

तिच्या आईवर राग नाही माझा. लिहायला बसलो तेव्हा होता. तिलाही नव्याने घडी बसवायची असेल, त्यात मी नको असेन, समजतं मला. पण पोरीला कुणी विचारलं का? तिच्या लेखी मी एक दिवस घरी आलोच नाही, बस. का आलो नाही, हे तिला कोणी काय सांगितलंय देव जाणे. हेच आत कुरतडत राहतं. माझं काय, मी मोठा आहे, सोसेन. तिला वाटत असेल, मीच तिला टाकून गेलो.

सिग्नल सुटला. ती उठली, दोन पावलं गेली, थांबली आणि वाकून नाडी एकदा ओढून पाहिली. तेही मीच सांगितलं होतं, चालायला लागण्याआधी एकदा ओढून बघायचं.